सातपुड्याचं पाणी जातं कुठे? संत्र्याच्या आणि खारपाणाच्या पट्ट्याची एकच गोष्ट

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीमार्गे दर्यापूर गाठायला दीड तास पुरतो. पण तेवढ्या वाटेत पाणी तीनदा बदलतं. निघताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, जवळपास प्रत्येक वावरात बोअर, आणि तरीही दर उन्हाळ्यात बोअर आटल्याची ओरड. अंजनगावच्या आसपास विड्याच्या पानांचे आणि पानपिंपरीचे मळे, म्हणजे बारमाही गोडं पाणी मागणारी पिकं. दर्यापूर जवळ येऊ लागलं की बागा संपतात, मळे संपतात, विहिरी विरळ होतात. ज्या दिसतात त्यांच्यावर मोटर नसते. पाणी आहे, फार खोलही नाही, पण ते तोंडात धरवत नाही. त्याचा चहा करायला गेलं तर दूध फाटतं.

या तिन्ही ठिकाणी पाऊस थोड्याफार फरकाने सारखाच पडतो. वरची माती बघावी तर सगळीकडे काळीच. मग एकाच नदीच्या काठाने तीस-चाळीस किलोमीटर खाली गेलं की पाण्याची जात का बदलावी? याचं उत्तर दर्यापुरात खोदून सापडत नाही. त्यासाठी उत्तरेकडच्या डोंगरात जावं लागतं.

एका बाजूने तुटलेला डोंगर

सातपुड्याचा जो फाटा मेळघाटात येतो त्याला गाविलगडची रांग म्हणतात. तिचं सर्वांत उंच ठिकाण वैराट, १,१७८ मीटर. चिखलदरा त्याच्या शेजारी, साधारण ११०० मीटरवर. तिथून अचलपूर सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर, पण उंची एकदम ३७० मीटरच्या आसपास. म्हणजे एवढ्याशा अंतरात सातशे मीटरचा उतार. आता अचलपूरहून अकोल्यापर्यंतचा हिशेब करा. सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर, आणि उतार शंभर मीटरही नाही. डोंगरात धावत सुटलेलं पाणी सपाटीवर आल्यावर अक्षरशः रेंगाळतं. या लेखातलं पुढचं सगळं या दोन उतारांतल्या फरकातून निघतं.

डोंगर आहे बेसॉल्टचा, आपल्या रोजच्या बोलण्यातला काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचं पठार झालं. गाविलगडच्या कड्याकडे दुरून पाहिलं की त्या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. पण लाव्हाने डोंगर केला, हे अर्धं सत्य. लाव्हा तर खाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातही, म्हणजे दर्यापूर-अकोल्याच्या सपाटीवरही, पसरला होता. फरक नंतर पडला. डोंगराच्या पायथ्याशी, साधारण पूर्व-पश्चिम, जमीन एका लांबच लांब भेगेवर तुटली. भूगोलाच्या पुस्तकात याला प्रस्तरभंग म्हणतात. भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खाली खचत गेला. म्हणून गाविलगडची दक्षिण बाजू एवढी ताठ आहे, आणि उत्तरेची, म्हणजे सेमाडोह-धारणीकडची, डोंगराळ असूनही हळूहळू उतरत जाणारी.

दक्षिणेचा भाग किती खचला याचा अंदाज बोअरवरून येतो. पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी तीनशे मीटरहून खोल गेलं तरी माती, रेती, चिकणमाती हेच लागत राहतं, कातळ येत नाही. मुळात खोऱ्याची उंचीच समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटर. म्हणजे जो काळा दगड वैराटच्या माथ्यावर अकराशे मीटर उंचीवर उघडा पडलाय, तोच खोऱ्यात काही जागी समुद्रसपाटीच्या पातळीला किंवा त्याहीखाली गाडला गेलाय. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला याच तुटीमुळे लाव्हाच्या खालचे त्याहून जुने खडक वर आलेले दिसतात. महाशिवरात्रीला यात्रेला जाणारे हजारो लोक ते तुडवत जातात, पण तिकडे लक्ष कोणाचं नसतं. तिथल्या लाव्हापूर्वीच्या थरांत डायनासोरचे अवशेषही मिळाले आहेत. आणि या भागातली जमीन अजून पुरती निवांत झालेली नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला दुपारी मेळघाट-अचलपूर भागात ४.२ तीव्रतेचा धक्का बसला होता, तो अनेकांना आठवत असेल.

थेंब कुणीकडे वळतो

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगपर्यंत घाट चढतो आणि तिथून सेमाडोहकडे उतरू लागतो. अशा जागी पाण्याच्या वाटा फुटतात. उत्तरेला पडलेलं पाणी सिपना नदीकडे. सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या मेळघाटातल्या पाच मुख्य नद्या, पाचही तापीला मिळतात. दक्षिणेला पडलेलं पाणी सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांनी खाली येतं. सापन-बिच्छन अचलपूर-परतवाड्याच्या अंगाखांद्यावरून जातात, चंद्रभागा दर्यापूरला, शहानूर अंजनगावला. या सगळ्यांचं पाणी शेवटी पूर्णेत. खुद्द पूर्णा उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीच्या परिसरात, आणि डोंगर कापून चांदूर बाजार तालुक्यात सपाटीवर येते.

गंमत पुढे आहे. पूर्णा पश्चिमेला वाहत जाते आणि मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. म्हणजे घटांगच्या धारेवर ज्या दोन थेंबांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, ते दीडशे-दोनशे किलोमीटरवर पुन्हा एकत्र येतात आणि सुरतेच्या समुद्राला जातात. फरक एवढाच की उत्तरेचा थेंब जंगलातून आणि खडकांतून गेलेला असतो, दक्षिणेचा लाखो लोकांच्या वावरांतून. त्यातही दक्षिणेचा जेवढा पोचतो तेवढाच.

खरी फारकत पूर्वेला होते. तापी मुलताईला उगम पावते, आणि मुलताईच्याच परिसरात वर्धा नदीही. तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघते. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागरात जातं. सालबर्डीची माडू आणि वरूडची चुडामण या वर्धेच्या बाजूच्या. म्हणजे ‘सातपुड्याच्या पायथ्याचा संत्रापट्टा’ आपण एका दमात म्हणतो, पण त्यातला वरूड-मोर्शीचा बराच भाग एका समुद्राचा आणि अचलपूर दुसऱ्या समुद्राचा.

अमरावती शहराने तर ही फारकत माणसाच्या हाताने मोडली. शहर वसलंय पूर्णेच्या बाजूला. त्याचं सांडपाणी अंबानाल्याने पेढी नदीकडे जातं, आणि पेढी पूर्णेला मिळते. पण नळाला येतं ते पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी पंपांनी उचलून अमरावतीत आणायचं आणि वापरून झालं की अरबी समुद्राच्या वाटेला लावायचं, हे रोज चालू असतं. नदीजोड म्हटलं की लोकांना मोठाले कालवे आठवतात. इथे एक जोड नळावाटे कधीचीच झालेली आहे.

आता उगमाबद्दल थोडंसं. मुलताईच्या कुंडाला किंवा एखाद्या गोमुखाला आपण उगम म्हणतो तो श्रद्धेचा उगम, आणि तो असायलाही हरकत नाही. पाण्याच्या दृष्टीने नदीला एक उगम नसतो. पाणलोटातल्या प्रत्येक घळीत, प्रत्येक वावराच्या धुऱ्याशी ती थोडी थोडी उगवत असते. पावसाळ्यात वरून वाहून आलेलं पाणी दिसतं. ऑक्टोबरनंतर जे दिसतं ते जमिनीच्या पोटातून परत निघालेलं. लाव्हाच्या थरांमध्ये काही थर घट्ट कातळाचे असतात, काही भोकाभोकांचे आणि झिजलेले, आणि अधूनमधून लाल मातीचा पट्टा असतो. पाणी झिजलेल्या थरात मुरतं, खालचा घट्ट थर किंवा लाल पट्टा त्याला अडवतो, मग ते आडवं सरकत कड्यातून बाहेर पडतं. चिखलदऱ्याला देवी पॉइंटच्या देवळात छताच्या खडकातून टिपटिप पाणी पडतं ते असंच. वरच्या पठारावर मुरलेलं पाणी तिथे येईपर्यंत पावसाळा केव्हाच सरलेला असतो.

चिखलदऱ्याला वर्षाकाठी साधारण १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, खाली पूर्णेच्या खोऱ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. जंगल हा पाऊस ओढून आणतं असं सर्रास सांगितलं जातं. ते तेवढं सरळ नाही. ढग अडतात ते डोंगराच्या उंचीला. जंगलाचं मोठं काम पाऊस पडल्यानंतर सुरू होतं. पालापाचोळा आणि मुळं पाण्याची धाव कमी करतात, माती धरून ठेवतात आणि त्यामुळे नदी चार दिवसांत संपण्याऐवजी चार महिने चालते. झाडं स्वतः पाणी पितात, हेही खरं. पण उघड्या डोंगराची नदी गाळ किती आणते हे पाहिलं की हा सौदा महाग वाटत नाही.

डोंगर उफणतो तेव्हा

खळ्यात धान्य उफणताना काय होतं ते वेगळं सांगायला नको. जड दाणा पायाशी पडतो, हलकं पोचट थोडं पुढे, आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब. नदी डोंगरातून सपाटीवर आली की नेमकं हेच करते. डोंगराच्या उतारावर पुराच्या पाण्याला एवढा जोर असतो की ते मोठाले धोंडे गडगडत आणतं. पायथ्याशी उतार एकदम संपतो, जोर मोडतो आणि नदी सगळ्यात जड माल तिथेच टाकते. पुढे रेती. त्यापुढे बारीक रेती आणि गाळ. आणि सगळ्यात बारीक चिकणमाती तरंगत तरंगत खोऱ्याच्या तळापर्यंत जाते. लाखो वर्षं, दर पावसाळ्यात, हाच खेळ. जमीन खचत राहिली आणि खड्डा भरत राहिला.

त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी, तुटीच्या रेषेला लागून, काही किलोमीटर रुंदीचा गोट्यांचा पट्टा तयार झाला. भूजलवाले याला बजाडा म्हणतात. जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावल-रावेरकडे जी केळी होते ती याच जातीच्या पट्ट्यावर, आणि आपल्याकडची संत्रीही याच पट्ट्यावर.

या भागातली एखादी जुनी विहीर काठावर उभं राहून नीट पाहा. वर हात-दीड हात काळी माती. तिच्याखाली पिवळट मातीत रुतलेले गोटे, काही लिंबाएवढे, काही दोन हातांत न मावणारे, पण कडा सगळ्यांच्या झिजलेल्या. मध्येच वीतभर रेतीचा पदर, पुन्हा गोटे. अखंड कातळ कुठेच नाही. बांधकामही वाचता येतं. वरची वीस-पंचवीस फूट घडीव दगडांची, मोटेच्या काळातली. त्याखाली विटांची किंवा सिमेंटची रिंग, म्हणजे पाणी खाली गेल्यावर वाढवलेली खोदाई. आणि तळाशी, आता कोरड्या पडलेल्या खडीत, बोअरचा पाइप. पाणी कधी कुठे होतं याचा इतिहास त्या भिंतीवर उभा लिहिलेला असतो.

गोट्यांच्या मधल्या फटींतून पाणी झपाट्याने खाली जातं. म्हणून इथल्या नाल्यांचा एक चक्रावणारा प्रकार असतो. हिवाळ्यात डोंगराच्या तोंडाशी पात्रात पाणी खळखळतंय, आणि चार-सहा किलोमीटर खाली त्याच पात्रात नुसते पांढरे गोटे. पाणी आटलेलं नसतं, खाली उतरलेलं असतं. मोठ्या नद्यांवर धरणं झाल्यापासून तिथे हे चित्र बदललं आहे, पण बिनधरणाच्या नाल्यांत आजही दिसतं. या पट्ट्याला पाणी मिळतं ते मुख्यतः असं, नदीच्या पात्रातून. वावरावर पडलेल्या पावसाचा वाटा त्यात असतो, पण डोंगरातून येणाऱ्या पाण्याचा वाटा जास्त मोलाचा. त्यामुळे इथे पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा नाला किती दिवस वाहिला हे महत्त्वाचं. एका रात्रीत १०० मिलिमीटर कोसळले तर पूर येतो आणि निघून जातो. तेच १०० मिलिमीटर दहा दिवसांत पडले तर नाला दहा दिवस वाहतो आणि गोटे दहा दिवस पाणी पितात. पर्जन्यमापकाचा वर्षाचा आकडा दोन्ही वेळेला सारखाच.

संत्र्याला ही जमीन मानवते ती का, हेही यातच आलं. झाडाला पाणी हवं, पण मुळाशी साचलेलं चालत नाही. साचलं की डिंक्या रोग लागतो आणि झाड जातं. खाली गोटे असले की जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं. ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, बहार धरायचा असेल तर अशी निचऱ्याची जमीन हाताशी असावी लागते, कारण ओल हटली तर झाडाला ताण बसणार. राज्यात सर्वांत जास्त संत्रा अमरावती जिल्ह्यात आहे, आणि त्यातला मोठा भाग या पायथ्याला चिकटून आहे.

पण जी जमीन झटकन पाणी घेते ती झटकन सोडतेही. बागेला बारमाही पाणी लागतं, पाऊस मात्र चार महिन्यांचा. उपसा वाढला, पातळी उतरली, मग बोअर. गोट्यांत बोअर मारणं हे वेगळंच काम. भोक ढासळतं, म्हणून केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारा पाइप, खोलवर उतरवावं लागतं आणि खर्च वाढतो. वरूड-मोर्शीकडे सातशे-आठशे फुटांच्या बोअरचं आता कुणाला नवल वाटत नाही, आणि भूजलाच्या अतिउपशाच्या सरकारी यादीत हे तालुके वर्षानुवर्षं असतात. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण संत्र्याचं झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि एक उन्हाळा पाणी तुटलं तर ती सगळी वर्षं गेली. अशा वेळी माणूस बोअर मारणारच. प्रश्न एकाच्या बोअरचा नसून एका खड्ड्यात किती नळ्या घातल्या याचा आहे.

शिवाय हा पट्टा बंद डबा नाही. त्यातलं पाणी जमिनीखालून दक्षिणेला सरकत असतं आणि मधल्या पट्ट्याच्या, अंजनगाव-अकोटकडच्या रेतीच्या थरांना मिळतं. तिथले पानमळे टिकले ते या गोड्या पाण्यावर. डोंगराच्या पायथ्याशी पातळी उतरते तेव्हा त्याची झळ खालीही लागते, फक्त उशिरा.

मीठ कुठून आलं

आता भुशाचा भाग, म्हणजे खोऱ्याचा तळ. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना मिळून पावणेपाच लाख हेक्टरच्या आसपास खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला पट्टा, आहे, आणि त्यात नऊशेच्या आसपास गावं.

इथे पूर्वी समुद्र होता आणि त्याचं मीठ जमिनीत राहिलं, असं गावोगाव सांगतात. काही अभ्यासकांनीही तशी शंका घेतली होती. पण समुद्राला मध्ये न आणताही कोडं सुटतं. बेसॉल्ट झिजतो तेव्हा त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे क्षार पाण्यात उतरतात. हे सगळ्याच डोंगरांत होतं. जिथे पाणी वाहून जातं तिथे क्षारही समुद्रापर्यंत जातात. पूर्णेच्या तळाला उतार जवळजवळ नाही, माती बारीक चिकण, तिच्यातून पाणी सरकता सरकत नाही. वर कोरडी हवा आणि चार महिन्यांचं ऊन. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. त्यांतलं कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन मातीत बसतं, सोडियम पाण्यात उरतं. दर वर्षी चिमूटभर भर पडली तरी हजारो वर्षांत केवढा साठा होईल!

तो साठा एके काळी मालही होता. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा भागात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. ब्रिटिश राजवटीत ते बंद पडलं. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडाला समुद्र शोधत जावं लागलं नाही. दहीहांड्याच्या विहिरीचं पाणीच पुरेसं होतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर झालेला हा मिठाचा सत्याग्रह, त्यामागे लाखो वर्षांचा हा गाळ आहे.

शेतकऱ्याचं दुखणं मात्र चवीपुरतं नाही. सोडियम जास्त झालं की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, पावसात लगदा होतो, वाळल्यावर दगडासारखी कडक. अशी जमीन पाणी आत घेत नाही. विहिरीचं खारं पाणी दिलं तर ती आणखी बिघडते. म्हणून इथली शेती पावसाच्या आणि मातीत उरलेल्या ओलीच्या भरवशावर. खरिपात कापूस, तूर, मूग आणि मागून हरभरा, तोही ओल धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीच्या जिवावर. शेततळं इथे चांगलं चालतं, कारण चिकणमातीतून पाणी सहजासहजी पाझरत नाही. बजाड्याच्या गोट्यांत तेच शेततळं अस्तराशिवाय आठवड्यात कोरडं पडतं. एकच सरकारी योजना एकाच नकाशाने दोन्हीकडे राबवली की एका ठिकाणी फोटो चांगला येतो आणि दुसऱ्या ठिकाणी खड्डा.

आणखी एक गोष्ट लोकांना पटवून द्यावी लागते. डोंगरातलं गोडं पाणी कालव्याने खारपाणपट्ट्यात आणलं की प्रश्न मिटला, असं नाही. भरपूर पाणी सोडलं आणि निचरा नसला तर जमिनीखालचं खारं पाणी वर चढतं आणि वावरावर पांढरी खपली धरते. इथे गोडं पाणी द्यायचं ते मोजून, ठिबकने किंवा तुषारने, आणि चरांनी निचऱ्याची सोय करून. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र डोंगराला पर्याय नाही. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजना सातपुड्यातल्या वान धरणावर चालते, अंजनगाव-दर्यापूरकडच्या गावांना शहानूर धरणाचा आधार आहे. नळाला आठवड्याने का होईना पाणी आलं की आधी पिण्याची भांडी भरतात, मग बाकीचं.

धरणं आणि गोटे

नकाशावर चंद्रभागा, सापन, शहानूर, वान आणि पूर्णेवरचं विश्रोळीचं, ही धरणं बघितली तर बहुतेक सगळी एका ओळीत आहेत, नदी डोंगरातून बाहेर पडते त्या तोंडाशी. जागा बरोबर निवडलेली आहे. भिंत आखूड लागते, खाली कातळ मिळतो आणि पुढची सगळी जमीन उताराला. पण जी नदी महिनोन् महिने गोट्यांत मुरायची ती आता वरच अडते. धरणाने सिंचन दिलं आणि गोट्यांचं पुनर्भरण काही अंशी घटवलं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. पावसाळ्यात धरण भरत आल्यावर दरवाजे उघडतात तेव्हा एकदम लोंढा जातो. तेच पाणी थोडं थोडं, जास्त दिवस सोडलं तर पायथ्याला अधिक मुरेल. पण धरण पूर्ण भरलेलं दाखवण्याची हौस आणि पुराची धास्ती, दोन्ही आडव्या येतात.

यावर मोठा उपाय म्हणून तापी महापुनर्भरण योजना पुढे आली आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये तिच्या करारावर सह्या केल्या. तापीवर दोन्ही राज्यांच्या सीमेवर खारिया गुटीघाट इथे पाणी वळवायचं, सातपुड्याच्या पायथ्याने कालवे न्यायचे आणि पुराचं पाणी बजाड्याच्या पट्ट्यात मुरवायचं, अशी कल्पना. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि जळगाव जिल्ह्यांना त्याचा लाभ होईल असं सांगितलं जातं. गोट्यांचा पट्टा म्हणजे फुकटची टाकी, तिच्यातून वाफ होत नाही, जमीन बुडत नाही, हा विचार पक्का आहे. शंका आहे ती दुसऱ्या ठिकाणी. कालव्याला वाट काढायची ती वाघांच्या जंगलाच्या आसपासून, तिथे राहणाऱ्या कोरकू गावांच्या जमिनींजवळून. आणि टाकी भरल्यावर उपसा आजच्या वेगानेच चालू राहिला तर भरणं किती वर्षं पुरेल, याचा हिशेब करारात बसणारा नाही.

तोवर छोटे उपाय चालू आहेत. नाल्याच्या पात्रात आडवे बांध, कोरड्या विहिरींत पुराचं पाणी सोडणं, नाला खोलीकरण. यांत एक तांत्रिक अडचण आहे. पुराचं पहिलं पाणी गढूळ असतं. ते तसंच विहिरीत सोडलं तर गाळ गोट्यांच्या फटी बुजवतो, आणि एकदा बुजलेली फट सहसा उघडत नाही. म्हणून आधी पाणी निवळायला एक खड्डा, मग खडी आणि रेतीचा गाळणीथर, मग विहीर, हा क्रम पाळावा लागतो. पहिले एक-दोन पूर जाऊ द्यायचे आणि पाणी निवळल्यावर झडप उघडायची. गाळणीवरची साय दर पावसाळ्यानंतर खरवडून काढायची. बांधायला पैसे मिळतात, खरवडायला सहसा मिळत नाहीत. त्यामुळे पायथ्याच्या गावांत तीन-चार वर्षांतच बंद पडलेल्या पुनर्भरणाच्या विहिरी बऱ्याच सापडतात, झाकणावर योजनेचं नाव रंगवलेल्या.